‘साभार परत’ आणि पाच डॉलर : जॅक लंडनची लेखनमजुरी

नियतकालिकांना लेख-कथा पाठवून त्या मानधनावर संसार चालवता येतो का, हा प्रश्न लेखणी हाती धरणाऱ्या प्रत्येकाला कधी ना कधी पडतोच. दिवाळी अंकांसाठी पावसाळ्यातच कथा धाडून पोस्टमनची वाट पाहणाऱ्या आपल्याकडच्या पिढ्यांना तो पडला. आज ई-मेलने मजकूर पाठवून उत्तराची वाट पाहणाऱ्या मुक्त पत्रकारांनाही तो चुकलेला नाही. या प्रश्नाचे उत्तर ज्याने स्वतःच्या आयुष्याची किंमत मोजून शोधले, असा एक लेखक अमेरिकेत होऊन गेला. त्याचे नाव जॅक लंडन. ‘द कॉल ऑफ द वाइल्ड’ आणि ‘व्हाइट फँग’ या कादंबऱ्यांमुळे तो जगभर पोहोचला. पण लेखन हा एक धंदा आहे, त्याला बाजारपेठ आहे, दर आहेत आणि हक्कही आहेत, हे ज्या चिकाटीने तो शिकला, ती कहाणी त्याच्या कादंबऱ्यांइतकीच वाचनीय आहे.

दहा सेंटांचा तास

जॅकचा जन्म १२ जानेवारी १८७६ रोजी सॅन फ्रान्सिस्को येथे झाला. आई फ्लोरा वेलमन संगीताच्या शिकवण्या घेई आणि प्रेतात्म्यांना आवाहन करण्याच्या बैठकाही भरवी. विल्यम चेनी हा फिरता ज्योतिषी त्याचा जन्मदाता असावा, असे बहुतेक चरित्रकार मानतात. पुढे चेनीने मात्र ते पत्राने नाकारले. जन्मानंतर काही महिन्यांतच आईने जॉन लंडन या माजी सैनिकाशी विवाह केला आणि मुलाला त्याचे आडनाव मिळाले. बालपणी जॅकचा सांभाळ बराचसा केला तो व्हर्जिनिया प्रेंटिस या कृष्णवर्णीय स्त्रीने. ती स्वतः एकेकाळी गुलामगिरीत राहिलेली होती.

घरात पैशाची चणचण कायमचीच. पुस्तके विकत घेणे शक्य नव्हते, पण ओकलंडच्या सार्वजनिक ग्रंथालयाचे दार उघडे होते. तेथील ग्रंथपाल इना कूलब्रिथ या स्वतः कवयित्री होत्या. या मुलाचे वाचनवेड त्यांच्या ध्यानात आले आणि त्यांनी त्याला पुस्तके सुचवली. शाळेपेक्षा हे ग्रंथालय जॅकला अधिक लाभले.

शाळेनंतर तो डबाबंद खाद्यपदार्थांच्या कारखान्यात लागला. मजुरी तासाला दहा सेंट आणि तास मोजायचे नाहीत. त्या कंटाळ्यातून सुटण्यासाठी त्याने व्हर्जिनिया प्रेंटिसकडून तीनशे डॉलर उसने घेऊन एक शिडाची नाव विकत घेतली आणि सॅन फ्रान्सिस्कोच्या खाडीत इतरांच्या मालकीची कालवे रात्री चोरून विकण्याचा उद्योग आरंभला. पुढे तोच अशा चोरांना पकडणाऱ्या गस्ती पथकात दाखल झाला. १८९३ मध्ये सील माशांची शिकार करणाऱ्या जहाजावर खलाशी म्हणून तो जपानच्या समुद्रापर्यंत जाऊन आला.

परतल्यावर तागाच्या गिरणीत पुन्हा तोच दर, तासाला दहा सेंट. याच सुमारास ‘सॅन फ्रान्सिस्को मॉर्निंग कॉल’ या दैनिकाने तरुणांसाठी वर्णनात्मक लेखाची स्पर्धा जाहीर केली. आईने आग्रह धरला. गिरणीतून थकून आल्यावर रात्री जागून जॅकने जपानच्या किनाऱ्याजवळ अनुभवलेले वादळ कागदावर उतरवले. त्याला पहिले पारितोषिक मिळाले आणि १२ नोव्हेंबर १८९३ रोजी तो लेख छापून आला. बक्षिसाची रक्कम होती २५ डॉलर. काही रात्रींच्या लेखनाने गिरणीतल्या जवळजवळ महिनाभराच्या मजुरीइतके पैसे मिळवून दिले होते. सतरा वर्षांच्या या मुलाच्या मनात हा हिशेब पक्का बसला.

स्नायू विकायचे की बुद्धी?

या यशाने लगेच दिवस पालटले, असे मुळीच नाही. त्यानंतर एका विजेच्या केंद्रात त्याला महिना तीस डॉलरवर कोळसा वाहण्याचे काम मिळाले. मालकाने चाळीस-चाळीस डॉलर पगाराचे दोन कामगार काढून त्यांच्या जागी आपल्या एकट्याला जुंपले आहे, हे त्याला नंतर समजले. मनगटे सुजेपर्यंत काम केल्यावर त्याने ते सोडले. १८९४ मध्ये बेरोजगारांच्या मोर्चाबरोबर तो देशभर भटकला. भटकेपणाच्या आरोपावरून न्यूयॉर्क राज्यातील ईरी परगण्याच्या तुरुंगात त्याने तीस दिवस काढले.

या दिवसांत जॅकला एक गोष्ट उमगली. ती त्याने पुढे लिहूनही ठेवली. दुकानदाराचा माल संपला की तो नवा भरतो. मजुराचा माल म्हणजे त्याचे स्नायू, आणि ते झिजले की पुन्हा भरता येत नाहीत. चाळिशी-पन्नाशीत असा माणूस रस्त्यावर येतो. तेव्हा विकायचेच असेल तर बुद्धी विकावी, हा त्याचा निश्चय झाला. लेखनाकडे तो कलेच्या ओढीने वळला हे खरे, पण उपजीविकेचा हा रोकडा विचारही तितकाच प्रबळ होता.

१८९५ मध्ये एकोणिसाव्या वर्षी तो ओकलंडच्या माध्यमिक शाळेत पुन्हा दाखल झाला आणि खर्चासाठी त्याच शाळेत झाडलोट करू लागला. पुढल्या वर्षी त्याने बर्कली येथील कॅलिफोर्निया विद्यापीठात प्रवेश मिळवला. पण पैशाअभावी १८९७ च्या आरंभीच शिक्षण सुटले. मग काही आठवडे त्याने नुसते लिहिले. निबंध, कविता, विनोद, कथा, जे सुचेल ते. मेहुण्याच्या टंकलेखन यंत्रावर तो मजकूर टंकित करी आणि पूर्वेकडच्या नियतकालिकांना पाठवी. सगळे परत आले. अखेर एका शाळेच्या धुलाईघरात महिना तीस डॉलरवर कपडे धुण्याचे आणि इस्त्रीचे काम त्याने पत्करले.

त्याच वर्षी क्लोंडाइकमध्ये सोने सापडल्याची वार्ता आली आणि जुलैत जॅक उत्तरेला निघाला. कडाक्याच्या थंडीत एक हिवाळा काढून, स्कर्व्हीने हिरड्या सुजलेल्या अवस्थेत १८९८ च्या उन्हाळ्यात तो परतला. सोने जवळपास नव्हतेच. सोबत होत्या त्या आठवणी, माणसे आणि बर्फातल्या कहाण्या. सावत्र वडील दरम्यान निवर्तले होते. आता घराचा भार त्याच्यावर होता.

टपालाची येरझार

त्या काळी अमेरिकेत नियतकालिकांची भरभराट होती. छपाई स्वस्त झाली होती, जाहिराती वाढल्या होत्या आणि दहा-पंधरा सेंटांत मिळणाऱ्या सचित्र मासिकांना कथांची सतत गरज होती. बाजारपेठ मोठी होती, पण तिचे दार बाहेरच्यासाठी अरुंद होते. हस्तलिखितासोबत स्वतःचा पत्ता लिहिलेले, तिकीट लावलेले पाकीट पाठवायचे. काही आठवड्यांनी त्याच पाकिटातून ते परत यायचे. सोबत छापील चिठ्ठी. मराठी लेखकांच्या परिचयाचे ‘साभार परत’ ते हेच.

जॅकने या येरझारीला शिस्त लावली. परत आलेले हस्तलिखित लगेच नव्या पाकिटात घालून दुसऱ्या मासिकाकडे रवाना होई. कोणती कथा कोठे गेली, केव्हा परतली, तिकिटांना किती पैसे लागले, याची नोंद तो वहीत ठेवी. रडीर्ड किपलिंगच्या कथा हाताने उतरवून काढून त्यांची घडण तो तपासत असे. मासिके ग्रंथालयात बसून वाची आणि कोठे काय छापले जाते, याचा अंदाज घेई. दिवसाला एक हजार शब्द हा नेम त्याने याच काळात धरला आणि तो पुढे जन्मभर, समुद्रावर आणि आजारपणातही, शक्य तोवर पाळला.

तरीही नकारांच्या चिठ्ठ्या शेकड्यांनी जमा होत होत्या. सायकल, घड्याळ, वडिलांचा रेनकोट, अंगावर घालायचा बरा पोशाख, सारे आळीपाळीने गहाण पडले. तिकिटांचेही पैसे उरेनात. खबरदारी म्हणून त्याने टपाल खात्याची परीक्षा दिली होती.

कोणत्या तरी रविवारच्या पुरवणीत त्याने वाचले होते की, मासिके हजार शब्दांना किमान दहा डॉलर देतात. त्यामुळे १८९८ च्या अखेरीस सॅन फ्रान्सिस्कोच्या ‘ओव्हरलँड मंथली’ने ‘टू द मॅन ऑन ट्रेल’ ही क्लोंडाइकवरची कथा स्वीकारल्याचे पत्र आले, तेव्हा त्याने मनातल्या मनात चाळीस डॉलरचा हिशेब मांडला. मासिकाने देऊ केले होते पाच डॉलर, आणि तेही छापून आल्यावर! हे मासिक एकेकाळी ब्रेट हार्टच्या संपादनाखाली गाजलेले होते. इतके नामांकित मासिक एका कथेला पाच डॉलर देत असेल, तर या धंद्यावर पोट भरणे अशक्य, असे त्याच्या मनाने घेतले. त्या निराशेचे वर्णन त्याने पुढे अनेकदा केले आहे.

या सुमारास बॉस्टनच्या ‘ब्लॅक कॅट’ मासिकाचे संपादक उम्बश्टेटर यांचे पत्र आले. जॅकची ‘अ थाउजंड डेथ्स’ ही चार हजार शब्दांची कथा त्यांच्याकडे होती. ती आहे त्यापेक्षा लांबली आहे, निम्मी करण्याची मुभा दिल्यास चाळीस डॉलर पाठवतो, असा पत्राचा आशय होता. म्हणजे हजार शब्दांना वीस डॉलर; पुरवणीत वाचलेल्या दराच्या दुप्पट. जॅकने संमती दिली आणि चाळीस डॉलर लगोलग हाती आले. ही कथा मे १८९९ मध्ये प्रसिद्ध झाली. याच एका पत्राने आपल्याला लेखनात टिकवून धरले, हे जॅक कधी विसरला नाही. पुढे १९११ मध्ये उम्बश्टेटर यांच्या कथासंग्रहाला त्याने प्रस्तावना लिहिली आणि हा ऋणनिर्देश जाहीरपणे केला.

नोकरी नाकारताना

१८९९ च्या आरंभी टपाल खात्याचे बोलावणे आले. पोस्टमनची जागा, महिना ६५ डॉलर, कायम नोकरी. घरी आई, डोक्यावर कर्ज, आणि लेखनाचे उत्पन्न बेभरवशाचे. या खेपेस दुसऱ्याला जागा देऊन पुढच्या रिकाम्या जागेवर आपला विचार करावा, अशी त्याने विनंती केली. वरिष्ठांनी ती उडवून लावली आणि त्यांच्या तुटक बोलण्याने चिडून त्याने नोकरीच नाकारली, असे त्याने आत्मकथनात नमूद केले आहे. रागाच्या भरातला तो निर्णय होता. पण त्यामागे बाजाराचा काही महिन्यांचा अभ्यास आणि हाती आलेले चाळीस डॉलरही होते.

‘ओव्हरलँड’ने पुढच्या कथांसाठी प्रत्येकी साडेसात डॉलर कबूल केले. रक्कम तुटपुंजी होती आणि ती वसूल करणे त्याहून कठीण. पण जॅकने तेथे उत्तरेकडच्या कथांची मालिकाच दिली. या मासिकामुळे आपले नाव पूर्वेकडच्या संपादकांच्या नजरेस पडेल, हा त्याचा होरा खरा ठरला. अमेरिकन साहित्यविश्वात मानाचे स्थान असलेल्या ‘अटलांटिक मंथली’ने ‘अ‍ॅन ओडिसी ऑफ द नॉर्थ’ ही दीर्घकथा काटछाटीच्या सूचनेसह घेतली आणि १२० डॉलर दिले. ती जानेवारी १९०० च्या अंकात आली. त्याच वर्षी एप्रिलमध्ये बॉस्टनच्या हाउटन मिफ्लिन या प्रकाशनसंस्थेने ‘द सन ऑफ द वुल्फ’ हा त्याचा पहिला कथासंग्रह काढला. ‘कॉस्मोपॉलिटन’ मासिकाच्या निबंधस्पर्धेत स्पर्धात्मक अर्थव्यवस्थेवर टीका करणाऱ्या निबंधाला दोनशे डॉलरचे बक्षीसही मिळाले. कोळसा वाहणारा मजूर वयाच्या चोविसाव्या वर्षी लेखक झाला होता.

दोन हजार डॉलरचा सौदा

मुक्त लेखकाचे काम हातचे कधी निसटेल, याचा नेम नसतो. १९०२ मध्ये एका वृत्तसंस्थेने बोअर युद्धानंतरच्या दक्षिण आफ्रिकेचे वार्तांकन करण्यासाठी त्याला नेमले. तो निघालाही, पण ती कामगिरी अचानक रद्द झाली. जॅक हात हलवत परतला नाही. ब्रिटनच्या राजधानीत ईस्ट एंड या दरिद्री वस्तीत अडकलेल्या खलाशाच्या वेशात तो राहिला आणि तेथील उपासमारीचे प्रत्यक्षदर्शी चित्रण त्याने लिहून काढले. ‘द पीपल ऑफ द अ‍ॅबिस’ (१९०३) हे ते पुस्तक. शोधपत्रकारितेच्या इतिहासात त्याची आजही दखल घेतली जाते.

त्याच हिवाळ्यात त्याने कुत्र्यावरची एक छोटी कथा लिहायला घेतली. चार हजार शब्दांची योजलेली ही कथा बत्तीस हजार शब्दांवर जाऊन थांबली. ‘सॅटर्डे इव्हिनिंग पोस्ट’ने क्रमशः प्रकाशनासाठी ७५० डॉलर दिले. मॅकमिलनचे जॉर्ज ब्रेट यांनी पुस्तकासाठी दोन हजार डॉलर रोख देऊ केले. त्याबदल्यात विक्रीवरील स्वामित्वधन सोडायचे होते. कर्जात बुडालेल्या जॅकने रोख रक्कम घेतली. जुलै १९०३ मध्ये ‘द कॉल ऑफ द वाइल्ड’ बाजारात आले आणि पहिली दहा हजार प्रतींची आवृत्ती तत्काळ संपली. नंतर लाखो प्रती खपल्या, पण अमेरिकेतील त्या विक्रीचा वाटा लेखकाच्या पदरी पडला नाही.

या सौद्याची आठवण लेखकांच्या फसवणुकीचे उदाहरण म्हणून दिली जाते. ते पूर्णतः न्याय्य नाही. ब्रेट यांनी पुस्तकाच्या जाहिरातीवर खर्च केला, जॅकचे नाव घराघरांत पोहोचले आणि त्याच वर्षी लिहिलेल्या ‘द सी-वुल्फ’साठी ‘सेंच्युरी’ मासिकाने चार हजार डॉलर मोजले. मात्र यातून जॅक जे शिकला ते महत्त्वाचे. लेखक मासिकाला कथा विकतो तेव्हा नेमके काय विकतो? एकदा छापण्याचा हक्क, की सारेच? पुढे तो मासिकाला केवळ प्रथम प्रकाशनाचा हक्क देण्याचा, पुस्तकाचे आणि परदेशातील हक्क स्वतःकडे राखण्याचा आग्रह धरू लागला. १९१३ मध्ये त्याच्या कथांवर चित्रपट निघू लागले, तेव्हा जुन्या मासिकांच्या नावे नोंदलेल्या हक्कांवरून वाद उद्भवला. त्या वेळी लेखकांच्या संघटनेच्या साहाय्याने तो आपल्या हक्कांसाठी उभा राहिला. चित्रपट हे माध्यम तेव्हा बाल्यावस्थेत होते. त्यातला लेखकाचा वाटा ओळखणाऱ्या पहिल्या काही जणांत त्याची गणना करावी लागेल.

१९०४ मध्ये हर्स्ट यांच्या वृत्तपत्रांसाठी त्याने रशिया-जपान युद्धाचे वार्तांकन केले. छायाचित्रे घेतल्यावरून जपानी अधिकाऱ्यांनी त्याला ताब्यातही घेतले होते. एप्रिल १९०६ मध्ये भूकंप आणि आगीने सॅन फ्रान्सिस्को उद्ध्वस्त झाले, तेव्हा ‘कॉलियर्स’ साप्ताहिकाने तारेने त्याच्याकडे वृत्तान्त मागितला आणि शब्दाला २५ सेंट देऊ केले. ‘ओव्हरलँड’च्या पाच डॉलरशी तुलना केली, तर सात वर्षांत त्याचा शब्द शंभर पटींहून अधिक महागला होता.

हजार शब्दांचे जू

एवढे मिळवूनही जॅकच्या हाती पैसा टिकला नाही. दोन विवाह, दोन मुलींचे संगोपन, आई आणि तिच्या आश्रितांचा खर्च, मागेल त्याला मदत करण्याचा स्वभाव. ‘स्नार्क’ ही नौका बांधण्यात त्याने तीस हजारांच्या आसपास डॉलर घातले आणि १९०७ मध्ये तो जगप्रवासाला निघाला. आजारपणामुळे तो प्रवास अर्धवट राहिला. ग्लेन एलन येथे शेकडो एकरांचे शेत घेतले. तेथे मोठ्या हौसेने बांधलेले ‘वुल्फ हाउस’ राहायला जाण्यापूर्वीच ऑगस्ट १९१३ मध्ये जळून गेले. प्रत्येक खर्चासाठी नवी कथा आणि नवी उचल. कथासूत्रे सुचेनाशी झाली तेव्हा त्याने ती विकत घेतली. १९१० मध्ये सिंक्लेअर लुईस या उमेदवारी करणाऱ्या तरुणाकडून त्याने सत्तर डॉलरला चौदा कथासूत्रे घेतली. हाच तरुण १९३० मध्ये साहित्याचे नोबेल मिळवणारा पहिला अमेरिकन ठरला.

‘मार्टिन ईडन’ (१९०९) या आत्मचरित्रात्मक कादंबरीत जॅकने हे दुष्टचक्र दाखवले आहे. त्यातला तरुण खलाशी असाच उपाशी राहून लिहितो, नकार पचवतो आणि थकलेले पाच डॉलर वसूल करायला थेट मासिकाच्या कचेरीत जाऊन उभा राहतो. प्रसिद्धी मिळताच पूर्वी नाकारलेल्या त्याच कथा मासिके चढ्या दराने मागून घेतात. लेखन तेच, माणूसही तोच. मग काल ते टाकाऊ का होते, हा प्रश्न त्याला पोखरतो आणि अखेर तो जगण्याचाच कंटाळा करतो. नवोदितांना ही कादंबरी आजही आपलीशी वाटते.

या कडवटपणातही जॅकने नवोदितांच्या पत्रांना उत्तरे देणे सोडले नाही. मार्च १९०३ मध्ये ‘द एडिटर’ या लेखकांसाठीच्या नियतकालिकात त्याने आपल्या धडपडीतून मिळालेले धडे मांडले होते. घरची माणसे अवलंबून असतील तर लेखनासाठी नोकरी सोडू नये. दहा सामान्य कथांपेक्षा एक चांगली कथा लिहावी. स्फूर्तीची वाट पाहत बसू नये, तिच्यामागे धावावे. टिपणवही सतत जवळ बाळगावी. प्रकृती जपावी आणि जीवनाविषयी स्वतःची अशी दृष्टी कमवावी. प्रकृती जपण्याचा सल्ला त्याने स्वतः मात्र मानला नाही. मद्यपान, मूत्रपिंडाचा विकार आणि अखंड श्रम यांनी शरीर पोखरले. २२ नोव्हेंबर १९१६ रोजी ग्लेन एलन येथे त्याचे निधन झाले. वय अवघे चाळीस. मागे पन्नासच्या आसपास पुस्तके होती.

मजुराचे स्नायू चाळिशीत झिजतात म्हणून त्याने बुद्धी विकायला काढली, आणि चाळिशीतच ती विकता विकता तो संपला. हा विरोधाभास त्याच्या चाहत्यांना अस्वस्थ करतो. तरीही सव्वाशे वर्षांपूर्वीच्या त्याच्या अनुभवातून आजच्या मुक्त लेखकाने घ्यावे असे पुष्कळ आहे. अंक वाचल्याशिवाय त्याला मजकूर पाठवू नये. नकार आला की तो लेख दुसऱ्या दाराशी न्यावा. दर, मुदत आणि हक्क आधी लेखी ठरवावेत. काटछाट सुचवणारा संपादक शत्रू नसतो, आणि वेळेवर पैसे देणारा संपादक तर लेखकाचे अख्खे आयुष्य सावरू शकतो.

कॅलिफोर्नियातील हंटिंग्टन ग्रंथालयात जॅक लंडनची कागदपत्रे जतन केलेली आहेत. गाजलेल्या कादंबऱ्यांच्या हस्तलिखितांबरोबर त्यांत त्या हिशेबाच्या वह्याही आहेत. कथेचे नाव, मासिकाचे नाव, पाठवल्याची तारीख, परत आल्याची तारीख. आणि अनेक ओळींनंतर एखाद्या ठिकाणी मिळालेल्या रकमेचा आकडा.